सातव्या मिनिटापासून

हे मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, चार पेग झाल्यावर मित्रांना नाही आणि देवाला तर नाहीच. देवापुढे बोललं की काम झालं, असं वाटतं लोकांना. म्हणून मुद्दामच नाही.

गेल्या महिन्यात शंतनूचा फोन आला. शंतनू म्हणजे आमच्या बँडचा गिटारवाला. मूळ गिरगावचा, हल्ली परदेशात असतो आणि तिथून सगळ्यांना सूचना देतो. पंधरा वर्षांपूर्वीची आमची एकुलती एक रेकॉर्ड कुणीतरी पुन्हा काढतंय — मोठ्या काळ्या तबकडीवर, सोबत एक पुस्तिका. त्या पुस्तिकेत ड्रमरच्या आठवणी हव्यात. "तू लिही रे, तुझ्या भाषेत, अगदी मोकळेपणाने," तो म्हणाला. "त्या सोमवारांबद्दल लिही, त्या खोलीबद्दल लिही. लोकांना तेच वाचायचं असतं."

मोकळेपणाने काय? बरं. घे मग.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. मी हे मन हलकं करायला लिहीत नाही. जड आहे ते जड राहू दे, पंधरा वर्षं उचललंय, सवय आहे. आणि वाचून कुणी मला 'केवढा प्रांजळ माणूस' वगैरे म्हणणार असेल, तर त्याने इथेच पान मिटावं. प्रांजळ माणूस पंधरा वर्षं थांबतो का?

तर खोली. लालबागला, मिरच्यांच्या दुकानांमागे, एका मसाला कांडपाच्या वरचा गाळा. खाली दिवसभर लोखंडी मुसळं मिरच्या कुटायची आणि वर आमच्या पायाखालची जमीन धडधडायची. सोमवारी कांडप बंद, म्हणून आमचं रेकॉर्डिंग सोमवारी, आपापल्या नोकरीवर खोटी आजारपणं सांगून. भिंतींना आम्ही गाद्या टेकवल्या होत्या. ओळखीच्या गादीवाल्याने गिऱ्हाइकांनी परत केलेल्या गाद्या दिल्या होत्या, त्यांतला कापूस सुटून खोलीभर उडायचा. आणि मुसळं थांबली तरी मिरची थांबते का? फळ्यांच्या फटींतून ती वर यायचीच. आमच्या रेकॉर्डवर तीन शिंका आहेत. त्यांतल्या एकीबद्दल कुणा शहाण्याने लिहिलंय की तो 'श्वासाचा बंडखोर वापर' आहे. बाबा रे, ती फ्रान्सिसची शिंक आहे. फ्रान्सिस माझगावचा, आमचं रेकॉर्डिंग तोच करायचा आणि मिरची त्याला बिलकूल सोसायची नाही.

बघा, हे असं मजेत सांगता येतं. याच आठवणी शंतनूला हव्यात. मीही पंधरा वर्षं याच सांगत आलोय. शिंक सांगितली की लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत.

आम्ही तिघे होतो. शंतनू गिटारवर, मी ड्रम्सवर आणि बासवर — म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जिच्यावर सगळं गाणं उभं असतं — तिच्यावर नंदू. नंदकुमार. काळाचौकीला आमची चाळ, तिसरा मजला, त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. आजही तसंच आहे. त्याची आई बांगडे तळायला लागली की आमच्या घरी भात टाकायचे, इतकं समोर.

नंदूबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याचे वडील — तात्या — गिरणीत होते, पण खरे ते शाहीर. गावाकडची जाखडी, जिला मुंबईत लोक बाल्या नाच म्हणतात, तिची त्यांची मंडळी होती. मधे शाहीर, मृदंग आणि झांज, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरणारी. नंदू पाच वर्षांचा असल्यापासून त्या गोलाच्या मधे झांज घेऊन बसायचा. बारा नाचणारे दमून घसरायला लागले, तात्यांचा आवाज चढला, मृदंगवाल्याला जोर आला, तरी झांज जागची हलायची नाही. तात्या म्हणायचे, "माझ्या पोराच्या हातातली झांज कुणाच्या मागून धावत नाय. त्यांनी यावा तिच्यापाशी."

आमच्या चाळीच्या गणपतीची आरतीही त्याच्याच झांजेवर चालायची. बास वाजवतानाही तो चपला काढून ठेवायचा आणि उजवी टाच जमिनीवर आपटत राहायचा. हळूच. त्याला ते माहीतही नसायचं.

आणि मी? मी ड्रमर. लोक म्हणतात लय ड्रमरच्या रक्तात असते. माझ्या नव्हती. हा घ्या पहिला कबुलीजबाब, छोटा.

मी दादरला एका सरांकडे शिकलो. कडक माणूस. पहिल्या दिवसापासून त्यांनी समोर मेट्रोनोम ठेवला. ठरवलेल्या गतीने टिक टिक करत राहणारं यंत्र, आम्ही त्याला क्लिक म्हणतो. त्या टिकटिकीबरोबर मी काहीही वाजवायचो. वेगाने, उलटंसुलटं, सरही मान हलवायचे. टिकटिक बंद केली की पाचव्या मिनिटाला माझे हात पळायला लागायचे. पंख्याच्या आवाजाशिवाय झोप न लागणारे लोक असतात ना, तसं. गणपती मंडळाच्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीत हे कधी उघडं पडलं नाही, कारण तिथे पंधरा जण वाजवतात आणि मधे नंदू असायचा. मी त्याला धरून वाजवायचो. हे मात्र मी स्वतःलाही कबूल करत नव्हतो.

यात लाजण्यासारखं काय आहे, सांगा बरं? जगभरचे ड्रमर कानात क्लिक घेऊन वाजवतात. मी आजही घेतो. आज तर छातीठोकपणे घेतो. पण शंतनूला क्लिकचा तिटकारा होता. "क्लिक म्हणजे गिरणीचा भोंगा आहे," तो म्हणायचा. "आपल्या माणसांची आयुष्यं भोंग्यावर गेली, आपलं संगीत नको जायला." आपल्या माणसांची! याचे आजोबा गिरगावात वकिलाकडे कारकून. भोंग्यावर माझा आजा गेला, नंदूचा आजा गेला. पण वाक्य असं झोकात टाकायचा की आम्ही माना डोलवायचो. बँडचा नियमच झाला — क्लिक नाही, एक-दोन-तीन-चार मोजणं नाही, तुकडे जोडणं नाही. एकदा सुरू करायचं ते शेवटपर्यंत.

मी काय केलं? बोटाएवढा मेट्रोनोम आणला. तो पँटच्या उजव्या खिशात, त्याची बारीक वायर शर्टाच्या आतून वर, एक इयरफोन डाव्या कानात आणि त्याच्यावर कान झाकणारे मोठे हेडफोन, आवाज फार होतो म्हणून. कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. पहिले सहा सोमवार मी असंच वाजवलं. क्लिकशिवाय वाजवणारा ड्रमर म्हणून शंतनू माझी ओळख करून द्यायचा. मी नुसता हसायचो.

सातवा सोमवार. इथून पुढे मला मजेत सांगता येत नाही.

त्या दिवशी आम्ही अकरा मिनिटांची एकच चीज वाजवणार होतो. सात मात्रांची एक फेरी. ती नंदूने बासवर आणि मी ड्रम्सवर अकरा मिनिटं जशीच्या तशी धरून ठेवायची आणि तिच्यावर शंतनूने गिटारचं काय वाटेल ते करायचं. त्याने त्या दिवशी तारांवर पेचकस घासला, दाढीचा ब्रश घासला, शेवटी शेवटी तर नारळाची किसणी आणली होती घरून. त्याने हवं तिथे भटकावं म्हणून आम्ही दोघांनी हलायचं नाही, असं ठरलं होतं. "घर पडलं तरी," शंतनू म्हणाला होता.

सहा मिनिटं झकास गेली. खरंच झकास. तेवढं तरी म्हणू द्या. सातव्या मिनिटाला उजवीकडच्या मोठ्या ड्रमवर हात टाकताना माझा कोपर शर्टाला अडकला आणि वायर मेट्रोनोममधून निसटली. कानात एकदम शांतता. खाली पाहिलं, तर शर्टाखालून वायर लोंबत होती.

भीती कशी असते ठाऊक आहे? माझी भीती वेगाने धावते. दहा सेकंदांत मला जाणवलं की मी पुढे चाललोय. समोर नंदू, डोळे मिटलेले, टाच जमिनीवर पडतेय. त्या टाचेकडे बघून वाजवलं असतं तरी सावरलो असतो. लहानपणापासून तेच करत आलो होतो ना? पण तेव्हा मला राग आला. त्याच्या त्या टाचेचा राग. याला काहीच लागत नाही — यंत्र लागत नाही, वायर लागत नाही — हा नुसता डोळे मिटून बसतो आणि याला येतं. मी नजर काढून घेतली आणि माझ्या वेगाने वाजवत राहिलो. उरलेली चार मिनिटं आमच्या दोन लयी दोन वाटांनी गेल्या.

चीज संपली. शंतनूने गिटार खाली ठेवली आणि विचारलं, "सातव्या मिनिटानंतर कोण सरकलं?"

इथे एक रिवाज सांगतो. बँडमध्ये सुरावरून भांडण झालं तर दिवसभर चालतं. लयीवरून झालं तर चालत नाही, कारण लयीच्या बाबतीत ड्रमरचा शब्द शेवटचा. कायदा कुणी लिहिलेला नाही, पण सगळीकडे हाच असतो. पंचाने बोट वर केलं की बॅट्समनने निघायचं.

मी काठी उचलली आणि नंदूकडे रोखली.

बोललोही नाही मी. नुसती काठी. फ्रान्सिस काहीतरी पुटपुटला, पण तोही ड्रमरपुढे काय बोलणार? नंदूने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं — जणू चूक तिथे पडली असेल. आणि म्हणाला, "असंल. तू म्हणतोस तर असंल."

त्याला माझ्यावर शंका आली असती तर मी चिडून, आरडून, कदाचित खरं बोलून मोकळा झालो असतो. असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. म्हणजे दोष त्याचाच, त्याने विश्वास ठेवला म्हणून! बघा, माणूस कुठवर जातो.

पुढचं भराभर झालं. शंतनूला माझ्या ड्रम्समध्ये 'काहीतरी थरारक' सापडलं. सातव्या मिनिटाला लय पुढे झुकते म्हणे, समुद्राकडे तोंड करून उभ्या माणसासारखी. त्याने फ्रान्सिसला सांगून नंदूचा बास पुसला आणि माझे ड्रम्स ऐकत, त्यांच्यामागून धावत, स्वतः बास वाजवून भरला. नंदूला त्याने समजावून सांगितलं — शंतनू समजावून फार छान सांगतो — की ताल ही देणगी असते, प्रत्येकाला नसते, त्यात कमीपणा नाही. पाच वर्षांचा असल्यापासून झांज धरलेल्या पोराला! मी तिथे होतो. माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि मी तो फुंकून फुंकून प्यालो.

दोन आठवड्यांनी मी फ्रान्सिसच्या कंप्युटरसमोर एकटा बसलो होतो. प्रत्येक ड्रमपुढे वेगळा माइक असतो, त्यांचे आवाज एकेक करून साफ करायचे होते. उजवीकडच्या मोठ्या ड्रमचा माइक लावला आणि हेडफोनमध्ये, खूप खोल, टिक टिक टिक ऐकू आलं.

कळलं का तुम्हाला? त्या छोट्या मेट्रोनोमची वायर निघाली की त्याचा स्वतःचा भोंगा सुरू होतो. मला ते ठाऊक होतं, त्या क्षणी आठवलं नाही इतकंच. वायर निसटल्यापासून ते माझ्या खिशात बोंबलत होतं. खोलीतल्या गोंगाटात कुणालाच ऐकू आलं नाही, पण तो माइक माझ्या खिशापासून वीतभर होता. सातव्या मिनिटापासून अकराव्यापर्यंत सगळं त्यात उतरलं होतं. मी नंदूचा पुसलेला बास शोधून काढला, तेव्हा तो कंप्युटरच्या कचरापेटीत शिल्लक होता, आणि त्या टिकटिकीवर ठेवला. चार मिनिटं. एकदाही, केसभरही, तो तिच्यापासून हलला नव्हता. कानात यंत्र नसलेला माणूस माझ्या खिशातल्या यंत्राच्या बरोबर चालला होता आणि ते यंत्र ज्याचं, तो भलतीकडेच पळत होता.

मी ते आवाज माझ्याकडे उतरवून घेतले. फ्रान्सिसच्या कंप्युटरवरून काढून टाकले. त्याला म्हटलं, त्या माइकमध्ये खरखर आहे, वापरू नकोस. मग माझ्याकडचे का जाळले नाहीत? पुरावा जाळायलाही छाती लागते. तीही नव्हती.

रेकॉर्ड निघाली. फार लोकांनी ऐकली नाही, पण ज्यांनी ऐकली त्यांनी डोक्यावर घेतली. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुस्तिकेवर ते ठळक असेलच. सातव्या मिनिटाचं झुकणं गाजलं. पोरं मला भेटून विचारतात, सर, ते कसं करता? आणि मी ते शिकवलंय. शिकवलंय! दादरच्या एका हॉलमध्ये, फळ्यावर आकृती काढून, चाळीस पोरांपुढे माझी चूक मी शास्त्र म्हणून शिकवली आणि पोरांनी ती वह्यांत उतरवून घेतली.

आणि नंदू? बास चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. तो गोदीत फिटर म्हणून लागला. त्या वर्षी गणपतीत झांज त्याच्या हातात द्यायला कुणीतरी पुढे केली, तर त्याने हात मागे घेतला. हसत म्हणाला, "मला ताल नाय रे. द्या कुणालातरी." सगळ्यांना वाटलं गंमत करतोय. तेव्हापासून दर आरतीला तो हात जोडून उभा असतो. टाळीसुद्धा वाजवत नाही. आणि आमची आरती जी सुसाट सुटते ती सुटतेच. शेवटच्या कडव्याला म्हातारी माणसं शब्द सोडून देतात, धापा टाकत नुसते ओठ हलवतात. चाळीत सगळे त्यावर हसतात. मीही हसतो.

तात्यांनी शेवटचा कार्यक्रम केला, काळाचौकीलाच. पाय सुजलेले, आवाज फाटलेला, पण उभे राहिले. नंदूने झांज धरावी म्हणून त्यांनी स्वतः त्याला तीनदा विचारलं. तो नाही म्हणाला. दुसराच कुणी बसला मधे, गोल दोनदा विस्कटला, तात्या दोनदा थांबले. कार्यक्रमानंतर घाम पुसत ते माझ्यापाशी आले. "काय झाला रे माझ्या पोराला?" म्हणाले. "तू त्याच्यासंगती असतोस. तुला ठाऊक असंल."

मी म्हटलं, "नाही हो तात्या. मला काय ठाऊक?"

त्या पावसाळ्यात तात्या गेले.

याच्यापुढे आणखी काही असेल असं तुम्हाला वाटत नसेल. आहे. सात-आठ वर्षांपूर्वी नंदूच्या बायकोने, वैशालीने, माळा साफ करताना चादर सोडली. तिला त्याचं हे जुनं काही माहीतच नव्हतं, लग्न नंतरचं. बास दारात घेऊन उभी राहिली आणि मला विचारलं, "भावजी, हे खरंच वाजवायचे? कसे वाजवायचे हो?" डोळ्यांत नुसतं कौतुक. संधी चालत दारात आली होती. मी म्हणालो, "वाजवायचा बरा. ताल जरा चुकायचा."

कुणी काठी रोखायला लावली नव्हती. बँड केव्हाच मोडला होता. शंतनू विमानात बसून गेला होता. तरी म्हणालो. एकदा बोललेलं खोटं जपायची सवय लागते, एवढंच नाही — मला ते म्हणताना बरं वाटलं. हे सगळ्यांत वाईट. म्हणून लिहून ठेवतो.

तर आता का? पकडला जाईन म्हणून? मुळीच नाही. फ्रान्सिसची जुनी डिस्क कधीच मेली, त्या टिकटिकीची एकच प्रत जगात आहे आणि ती माझ्या कपाटात. म्हातारपण आलं म्हणून? पंचेचाळीसचा आहे मी. का ते मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. कारण शोधायला गेलं की सबब सापडते.

हे लिहायला घेण्याआधी, गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी, मी समोरच्या दारात गेलो. जगाला आधी आणि त्याला नंतर, एवढ्या थराला मात्र मी गेलेलो नाही. नंदू खाली बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होता. वैशाली बाजारात गेली होती. मी लॅपटॉप उघडला, हेडफोन त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, ऐक. आधी ऐक, मग बोलतो.

त्याने अकराही मिनिटं ऐकलं. सातवं मिनिट आलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर कळलं. टिकटिक ओळखायला त्याला एक फेरीसुद्धा लागली नाही. मग हळूहळू त्याची उजवी टाच लादीवर पडायला लागली. दोनदा, तीनदा. त्याच्या लक्षात आलं आणि त्याने गुडघ्यावर हात दाबून पाय थांबवला.

मी सगळं सांगितलं. वायर, खिसा, काठी, खरखर, तात्या, वैशाली. पुस्तिकेत लिहिणार आहे तेही. तो पान्हा हातात फिरवत होता.

"मला तेव्हाच ऐकू येत होतं," तो म्हणाला. "तू पुढे चाललायस ते. साफ ऐकू येत होतं. मग तू काठी दाखवलीस. मला वाटलं, ड्रमर बोलतोय, म्हणजे माझेच कान खोटे."

मी लॅपटॉप मिटला.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "तात्यांना सांगायचंस."

 

मी उठलो तेव्हा त्याने हेडफोनची वायर नीट गुंडाळून दिली. तो कुठलीही वायर तशीच गुंडाळतो. दाराशी गेल्यावर मागून म्हणाला, "लिही. माझं नाव घालून लिही. पण 'बिचारा नंदू' असलं काय लिहू नको हां. मी बरोबर होतो, तेवढंच लिही."

तेवढंच लिहिलंय.

गणपती आले, गेले. पहिल्या आरतीला झांज नेहमीप्रमाणे स्टुलावर होती. नंदू आला, तिच्या शेजारीच उभा राहिला आणि त्याने हात जोडले. पाचही दिवस. आरती सुटायची ती सुटली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही असं नाही, पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वैशाली आता मला भावजी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, आणि दार आमच्यासमोरच आहे.

शंतनू, आठवणी मागितल्यास, या घे. छापायच्या तर एक अक्षर न कापता छाप, नाहीतर परत पाठव, मी दुसरीकडे छापीन. नंदूचा मूळ बास आणि तो खिशातला आवाज, दोन्ही सोबत पाठवतोय. त्यांचं काय करायचं ते नंदूला विचार, मला नाही. आणि मागच्या पानावर नावं छापशील तिथे माझं नाव काढू नकोस. लपून राहायची माझी वर्षं झाली. असं छाप —

बास : नंदकुमार. अकराही मिनिटं बरोबर.

ड्रम्स : मी. सातव्या मिनिटापासून चुकीचे.